वारंवार विचारले जाणारे प्रश्न: कादंबरी, हळद आणि इतर चौकश्या

पत्रांतून, फोनवर, वाचनालयांतल्या गप्पांत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला तेच ते प्रश्न विचारले जातात. मला त्यांचा कंटाळा नाही. पण घाईत दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून इथे सावकाश लिहून ठेवते आहे. ओळख एवढीच पुरे: मी सांगलीची, एका सहकारी बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि कादंबऱ्या लिहिते.

कादंबरी सुचते कुठून? तुमची प्रेरणा काय?

काम. माझं नव्हे, दुसऱ्यांचं.

बँकेत काउंटरला होते तेव्हा मार्केट यार्डातले हमाल, तोलाईवाले, अडत दुकानांतले दिवाणजी रोज समोर यायचे. हळदीचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या नोटा पिवळ्या व्हायच्या, पासबुकाची पानं पिवळी व्हायची. एका म्हाताऱ्या हमालाला अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली तर म्हणाला, "शाई कशाला बाई, असाच उठतोय की पिवळा." मागे रांग होती, सगळे हसले. मीही हसले. पण दुपारी जेवताना वाटलं, ह्या माणसाचा अंगठा पिवळा व्हायला किती वर्षं लागली असतील आणि त्या वर्षांत त्यानं नेमकं काय काय केलं असेल?

नंतर त्यांच्याशी बोलणं वाढलं. तरुणपणी ते हरिपूरला पेवात उतरायचे. पेवात उतरलेल्या माणसाला वरचं काय ऐकू येतं, हे मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोलायला लागले. माझी पहिली कादंबरी त्या बोलण्यातून निघाली.

प्रेरणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कृष्णाकाठची संध्याकाळ येते. आमच्याकडे नदीकाठी संध्याकाळी डास असतात. मला एखादा माणूस उभा करायचा असेल तर त्याच्या मनात काय आहे हे मी शोधत बसत नाही. तो हातांनी काय करतो, ते करायला कुठे शिकला, त्याचे किती पैसे मिळतात आणि कुणाच्या हातून मिळतात, एवढं कळलं की तो बोलायला लागतो. माझ्याकडे लेखनाचा सिद्धांत म्हणून जे काही आहे ते एवढंच.

पेव म्हणजे नक्की काय? पुस्तकात वाचून चित्र डोळ्यांपुढे आलं नाही.

हा प्रश्न पुण्याहून येतो आणि न्यू जर्सीहूनही येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत मात्र रुंद पोट. वीसेक फूट खोल. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली माती इतकी चिवट की खणलेला खड्डा ढासळत नाही आणि ओल आत येऊ देत नाही. तळाला आणि भिंतींना उसाचा पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. आत हवा नाही, उजेड नाही, म्हणून कीड लागत नाही. हळद वर्षानुवर्षं राहते आणि रंग जात नाही. धान्यासाठी पेवं महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती, पण हळदीची म्हणून नाव झालं ते हरिपूरचं आणि नदीपलीकडच्या सांगलवाडीचं. आपला माल पेवात आहे ह्या भरवशावर व्यापारी भाव चढेपर्यंत निवांत थांबायचा.

उघडायची वेळ आली की खरी परीक्षा. बंद पेवात साठलेली हवा जीव घेते. म्हणून तोंड उघडून ते काही तास तसंच ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरायचा. मला त्या उतरणाऱ्या माणसाचं कुतूहल होतं. व्यापाऱ्याच्या तेजी-मंदीचं गणित वर चाललेलं, आणि त्या गणिताचा शेवटचा आकडा कंदिलाच्या वातीवर टांगलेला.

हरिपूर म्हटलं की लोकांना संगमेश्वराचं देऊळ आठवतं, चिंचांचा रस्ता आठवतो आणि गोविंद बल्लाळ देवल आठवतात. 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आलं, ते नाटककार ह्याच गावचे. आठवावंच असं ते आहे. पण पेव खणणाऱ्या, सारवणाऱ्या, त्यात उतरणाऱ्या माणसांची नावं गावातसुद्धा थोड्यांनाच ठाऊक. 2005च्या महापुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला आणि पेवांची विद्या जाणणारी पिढीही थकली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले गेले. मी ज्यांच्याकडून सगळं शिकले ते हमाल तोवर हयात नव्हते.

माहिती कशी गोळा करता?

विचारून. फक्त काय विचारायचं हे ठरलेलं असतं.

'तुम्हाला कसं वाटलं?' हा प्रश्न मी कधी विचारत नाही. त्याला माणसं टीव्हीवर ऐकलेली उत्तरं देतात. 'पहाटे उठल्यावर पहिलं काय करता?' असं विचारलं की खरं बाहेर येतं. हळद शिजवण्याचंच घ्या. आता बॉयलर आले, पण पूर्वी मोठ्या लोखंडी काहिलीत हळद घालून वर पाला आणि गोणपाट दाबायचे आणि खाली जाळ. शिजली की नाही हे काडी टोचून बघायचं. कच्ची राहिली तर वाळल्यावर आतून रंग येत नाही, जास्त शिजली तर माल मऊ पडतो. रात्रभर जाळावर बसणारा माणूस ठरलेला असतो आणि तो झोपू शकत नाही.

एवढं कळल्यावर माझ्या कादंबरीतलं दोन भावांचं भांडण आपोआप पहाटे तीनला, काहिलीपाशी जाऊन बसलं. आधी ते मी घरात, जेवणाच्या वेळी लिहिलं होतं आणि ते लटकं वाटत होतं. पहाटे तीनला जाळाजवळ दोन भाऊ असले की एकाला उठून जाता येत नाही, हळद बिघडेल. भांडणात ज्याला उठून जाता येत नाही तो काय बोलेल, हे मला वेगळं सुचवावं लागलं नाही.

वही मी पहिल्या भेटीत काढत नाही. ध्वनिमुद्रण कधीच करत नाही. घरी येऊन आठवेल ते लिहिते. जे आठवत नाही ते बहुधा कादंबरीला नको असतं. आकडे मात्र दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारून पक्के करते: मजुरी, हमालीचा दर, पोत्याचं वजन. आकडा चुकला तर यार्डातला वाचक पुस्तक मिटून टाकतो आणि तो वाचक मला पुण्याच्या समीक्षकापेक्षा जवळचा आहे.

पात्रं खरी आहेत का? 'दिवाणजी' म्हणजे अमुकच ना?

नाही. आणि हो, तुम्ही ज्यांचं नाव घेताय त्यांचं पण नाही.

सांगली लहान गाव आहे. पुस्तक आलं तेव्हा तीन वेगवेगळ्या दुकानांतल्या दिवाणजींना तो दिवाणजी आपणच आहोत असं वाटलं. एकाला राग आला, दुसऱ्याला आनंद झाला, तिसऱ्यानं घरच्यांसाठी प्रती विकत घेतल्या. मी काम खरं घेते, माणूस बनवते. चोपडी लिहायची पद्धत एकाची, चष्मा पुसायची दुसऱ्याची, उधारी मागताना खाली बघायची सवय माझ्या वडिलांची. कुणाच्या घरातली उघड न झालेली गोष्ट मात्र कितीही मोहाची असली तरी घेत नाही. सांगणाऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं असतं, आणि उद्या दूध आणायला त्याच गल्लीतून जायचं असतं.

तुमच्या कादंबरीतल्या बायका 'मी येतो, मी जातो' असं का बोलतात? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. आमच्या भागात, सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत, पुष्कळ बायका असंच बोलतात. "मी येतो गं, भाकरी थापायच्या हाईत." हे ऐकत मी मोठी झाले. हस्तलिखित पहिल्यांदा मुद्रितशोधनाला गेलं तेव्हा मुद्रितशोधकांनी सगळ्या 'येतो'च्या 'येते' करून पाठवल्या, फार नीटनेटक्या, तांबड्या शाईत. त्यांचं काम त्यांनी चोख केलं होतं. मी प्रत्येक पानावर त्या परत फिरवल्या आणि वर चिठ्ठी लावली: बाईचं बोलणं बाईला परत करावं.

निवेदन मी प्रमाण मराठीत ठेवते, बोलणं बोलीत. सबंध कादंबरी बोलीत लिहिणारे लेखक आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे, पण मी बँकेत वाउचरं लिहून घडलेली बाई. माझं निवेदन त्या चालीचं आहे आणि ते लपवावं असं वाटत नाही. बोली लिहिताना एक पथ्य पाळते. प्रत्येक शब्द मोडून लिहीत नाही. 'न्हाई', 'हाय', 'लई', 'करालाईस' एवढ्यानं चाल कळते. त्यापुढे वाचकाच्या कानावर सोडावं. नागपूरचा वाचक अडखळला तरी चालेल, पण त्याला माझी माणसं विनोदी वाटता कामा नयेत. ग्रामीण बोलणं लिहिलं की हशा आलाच पाहिजे, ही आपल्याकडे पडलेली सवय मला मनापासून आवडत नाही.

2019च्या महापुरावर कादंबरी का लिहिली नाही?

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2005 साली पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, ह्याहून जास्त होणार नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली.

मला ह्यावर लिही म्हणून सांगणारे प्रकाशकही भेटले. पण त्या बोटीतल्या माणसांचे घरचे इथेच आहेत, बाजारात भेटतात. माझ्याकडे त्यांच्या दुःखात भर घालेल असं काही नाही आणि त्यातून काढून घेण्याचा मला हक्क नाही. पूर माझ्या पुस्तकांत येतो तो ओसरल्यानंतरचा: गाळ कोण काढतं, भिजलेल्या गादीचं काय करतात, पंचनाम्याला तलाठी आला की त्याला आधी कुठली खोली दाखवायची. पाणी चढताना सगळे सारखेच भिजतात. ते उतरल्यावर कोणाकडे किती होतं हे उघडं पडतं आणि कादंबरीचं काम तिथे सुरू होतं.

ऐतिहासिक कादंबरी का लिहीत नाही? तीच तर खपते.

खरंय, खपते. गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 साली आली, मराठीतली ती पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि तेव्हापासून आपल्या वाचकाला किल्ले सुटलेले नाहीत. मला राजांविषयी नवं काही सांगायचं नाही, बाकी कारण नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले जमाखर्च भरून पडले आहेत. पागेत काम करणाऱ्यांचे पगार, दाण्या-वैरणीचा खर्च, सगळं. कुणी मोडी वाचणाऱ्यानं त्यातून एखाद्या मोतद्दाराची, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याची, कादंबरी लिहिली तर मी पहिली प्रत विकत घेईन.

कुणाचं वाचून लिहायला लागलात?

सांगली जिल्ह्यात वाढलेल्याला ह्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, 1898चा. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, 'ययाति'साठी. शाळेत असताना मी त्यांची वाक्यं वहीत उतरवून घ्यायची. पुढे ती वही मिटली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे वाचले आणि कळलं, वाक्य सजवलं नाही तरी पळतं. आटपाडीकडचे व्यंकटेश माडगूळकर वाचले आणि मेंढराकडे बघायचं कसं ते कळलं. बघायचं म्हणजे कौतुकानं नव्हे. धनगर बघतो तसं, कुठलं लंगडतंय, कुठलं गाभण आहे, असं.

आणखी एक शाळा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. माझ्या आजीला पुष्कळ येत होत्या, तिच्याबरोबर त्या गेल्या. पण गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्यावर ओव्या गोळा केल्या, हे फार मोठं काम आहे. त्या चाळत बसले की दिसतं, पीठ पडत असताना बाई जे बोलते ते ती नुसती बसून कधी बोलणार नाही. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं.

रोज किती लिहिता? कधी? कशावर?

सकाळी, पाणी येऊन गेल्यावर. दीड-दोन पानं झाली तर दिवस चांगला. पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर, बॉलपेननं. बँकेतून निघताना रद्दीचे गठ्ठे घरी आणले होते, ते अजून पुरताहेत. दुसरा खर्डा संगणकावर, युनिकोडमध्ये.

नव्या लेखकांना इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. युनिकोडमध्ये दिलेला मजकूर पुष्कळ छापखान्यांत जुन्या फॉण्टात बदलून घेतात, श्रीलिपीसारख्या. ह्या बदलात जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे होतात. 'पूर्वी'चं काय होईल सांगता येत नाही. म्हणून पानं लावून झाल्यावरचं प्रूफ पूर्ण वाचा, अक्षर न् अक्षर. आपणच टाइप केलंय, आता काय बघायचं, असं म्हणू नका.

कादंबरी किती दिवसांत लिहून होते?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, 9 ते 13 फेब्रुवारी 1933. कार्यक्रमात कुणीतरी हमखास हे उदाहरण देतं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघतं की मी फुकटचा पगार घेतेय. ते पाच दिवस लिहिण्याचे. त्याआधी ते सगळं त्यांनी आयुष्यभर जवळ बाळगलं होतं. मला तीन-चार वर्षं लागतात, त्यातली निम्मी लोकांकडे जाण्यायेण्यात.

लिखाण अडलं की काय करता?

यार्डात जाते. अडण्याचं कारण माझ्या बाबतीत बहुतेक वेळा एकच असतं: मला पुरेसं माहीत नसतं. 'प्रतिभा रुसली' वगैरे म्हणण्यापेक्षा माहिती कमी पडली असं म्हटलं तर त्यावर उपाय तरी करता येतो.

पहिलं कुणाला वाचायला देता?

देत नाही, वाचून दाखवते. माझ्या नणंदेला. वन्सं शेंगा फोडत ऐकतात. शेंगा फोडायचा आवाज थांबला तर प्रकरण बरं झालंय. मध्येच "दूध वर आलंय का बघ गं" म्हणाल्या तर त्या जागी पेन्सिलची खूण. समीक्षेची एवढी सूक्ष्म पद्धत मला दुसरीकडे आढळलेली नाही.

शेवट तसा का केलात? धाकटा भाऊ परत का आला नाही?

सर्वांत जास्त पत्रं ह्यावर येतात. मिरजेच्या एका आजोबांनी तर तो परत येतो असा शेवट स्वतः लिहून पाठवला, चार फुलस्केप पानं, आणि खरं सांगायचं तर चांगला लिहिला होता. मी त्यांना कळवलं की तुमच्या घरात तो परत आलाय, तर तिथे त्याला राहू द्या.

माझ्यापुरतं उत्तर असं: पेवं बुडाल्यावर त्याला येणारं एकमेव काम गावात उरलं नव्हतं. तो परत आला असता तर बसला कुठे असता? मी खूप शोधलं. त्याला देण्याजोगं काम सापडलं असतं तर मी त्याला नक्की आणलं असतं.

मलाही कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्हाला जे काम नीट येतं त्यापासून. एसटीत वाहक असाल तर तिकिटाच्या मशीनपासून आणि सुट्ट्या पैशांच्या भांडणापासून. पार्लर चालवत असाल तर तिथे खुर्चीत बसल्या बसल्या बायका काय बोलतात त्यापासून. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत शिक्षकांनी लिहिलेली पुष्कळ असतात आणि त्यांत शाळा जवळजवळ कधीच नसते. असतो तो हिमालय, नाहीतर मुंबईतला गुंड. शाळा पोषण आहाराच्या खिचडीसह लिहा ना! ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आणि आधी एखादी लांब कथा लिहून दिवाळी अंकाला पाठवा. 'मनोरंजन'चा 1909चा अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात. तेव्हापासून ही सोय आपल्याकडे आहे आणि ती दुसऱ्या भाषांना हेवा वाटावी अशी आहे. जूनपर्यंत पाठवलं तर बरं, गणपतीनंतर पाठवलेलं संपादक वाचत नाहीत. मानधन कधी मिळतं, कधी अंकच मानधन.

प्रकाशक कसा मिळवायचा? पैसे भरावे लागतात का?

चांगला प्रकाशक लेखकाकडून पैसे घेत नाही. स्वतःच्या पैशानं छापायचं असेल तर खुशाल छापा, त्यात कमीपणा नाही. पण मग छपाईचा हिशेब मागा: कागद, फर्मे, बांधणी, मुखपृष्ठ. सोळा पानांचा एक फर्मा धरून कुणीही हिशेब करू शकतो. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं, त्याचे कुणी पैसे लावले तर समजून जा.

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. करारावर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं वाक्य दिसलं तर खोडायला सांगा. स्वामित्वहक्क लिहिल्याक्षणी तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो तुमच्या पश्चात 60 वर्षं वारसांकडे राहतो. ऑडिओ, भाषांतर, चित्रपट ह्यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. हे सगळं मी बँकेत कर्जाच्या कागदांवर लोकांना डोळे मिटून सह्या करताना बघून शिकले.

लिहून पोट भरतं का?

नाही. हिशेबच मांडते. पुस्तकाची किंमत 400 रुपये, रॉयल्टी 10 टक्के, आवृत्ती 500 प्रतींची. सगळ्या खपल्या तर 20,000 रुपये, आणि त्या खपायला दोन वर्षं लागू शकतात. नाव झालेल्याला 15 टक्के मिळते. ह्यात यार्डात जायचं पेट्रोल निघतं. मोठा आधार वाचनालयांचा. 1967च्या कायद्यानं आपल्याकडे गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत अनुदानावर चालतात आणि मराठी पुस्तक विकत घेणारं सर्वांत खात्रीचं गिऱ्हाईक तेच. त्यांचं अनुदान रखडलं की त्याचा धक्का थेट आमच्यापर्यंत येतो.

तुमच्या पुस्तकाची पीडीएफ पाठवाल का?

वरचा हिशेब पुन्हा वाचा. घेणं परवडत नसेल तर वाचनालयातून आणा, मला आनंदच होईल. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझी अख्खी कादंबरी मलाच 'आवर्जून वाचा' म्हणून आली आहे. ऑडिओ आवृत्ती निघाली आहे. वाचणाऱ्या बाईंनी 'येतो', 'जातो' तसंच ठेवलं, ह्याबद्दल त्यांचे आभार.

आमच्या गावी कार्यक्रमाला याल का?

येईन. शाल-श्रीफळ नको. सत्कार आधी आणि भाषण शेवटी असं असेल तर निम्मे लोक उठून जातात, तेव्हा उलटं करा. मला आवडतं ते औदुंबरचं संमेलन. दर संक्रांतीला, कृष्णेच्या काठी, लोक जमिनीवर बसून ऐकतात, आणि भाषणानंतर शेतकरी येऊन सांगतात की तुमच्या पुस्तकातल्या हळदीला तुम्ही पाणी कमी दिलंय का जास्त. असा वाचक असला की लेखक ताळ्यावर राहतो.

शाळेच्या प्रकल्पासाठी तुमची माहिती हवी आहे.

बाळांनो, माझ्याबद्दल दोन ओळी पुरे. त्याऐवजी आपल्या आजोबांना विचारा की त्यांनी पहिला पगार कशाचा मिळवला. ते लिहून न्या. बाईंना सांगा, लेखिकेनंच सुचवलंय.

पुढची कादंबरी कशावर?

बेदाण्यावर. तासगाव, कवठेमहांकाळ, जत ह्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर जी लगबग असते, ती. द्राक्षं तोडून डिपिंगच्या पाण्यात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, दोनेक आठवडे वारा खाऊ द्यायचा, मग उतरवून मळणी, धुणं, गंधकाची धुरी, निवडणी. मध्येच अवकाळी पाऊस झाला की माल काळा पडतो आणि वर्षाचा हिशेब बसतो. निवडणीला रांगेनं बायका बसलेल्या असतात, डोकीवर टॉवेल बांधून, आणि पलीकडे सौद्यात व्यापारी मूठ मूठ बेदाणा बघायला म्हणून उधळतात.

इथपर्यंत मला कळलंय. पुढचं तुमच्यापैकी कुणी शेडवर काम केलं असेल तर सांगा. पावसाचं चिन्ह दिसलं की पहिला पडदा कुठल्या बाजूचा सोडता? निवडणीची मजुरी दिवसावर की किलोवर, आणि ती नवऱ्याच्या हातात देतात की बाईच्या? धुरी चालू असताना बरोबर आणलेली मुलं कुठे ठेवता? रात्री शेडवर राखणीला कोण झोपतं, आणि त्याला जेवण कुठल्या घरातून येतं? पत्र पाठवा, नाहीतर सरळ नंबर कळवा. मी येते विचारायला, एप्रिलच्या आत.